हसू आलं, म्हणून लगेच पुढे पाठवायचं का?



आजचा विषय हलका वाटेल, पण रोजचा आहे. आपल्या प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये निदान चार-पाच ग्रुप असतात. एक माहेरचा, एक सासरचा, एक मंदिराच्या महिला मंडळाचा, एक मुलांच्या शाळेचा आणि एक भिशीचा. पहाटे भगवंतांचा फोटो आणि सुविचार येतो. मग कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक आणि फुलं येतात. दुपारी ओटा आवरून झाला की हसवणाऱ्या व्हिडिओंची रांग लागते. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात दुपारी आमच्या सात रस्त्यालासुद्धा वर्दळ कमी होते. दारं-खिडक्या लावून, कूलरसमोर आडवं पडून आपण मोबाईल बघत असतो. कुणी मांजराचा व्हिडिओ पाठवतं, कुणी सासू-सुनेचा, कुणी लग्नात पडलेल्या नवरदेवाचा. हसू येतं आणि अंगठा आपोआप त्या बाणाकडे जातो.

यावर आपल्या समाजात दोन मतं ऐकू येतात. वडीलधाऱ्या मावशी म्हणतात, ‘हा सगळा प्रमाद आहे, त्यापेक्षा एक माळ जपा.’ सुना-लेकी म्हणतात, ‘अहो, गंमत आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?’ मला दोन्ही मतं अर्धीच पटतात. हसणं ही एक गोष्ट आहे आणि तो व्हिडिओ पुढे पाठवणं ही वेगळी गोष्ट आहे. हसू आपल्याला येतं, ते बऱ्याचदा आपल्या हातात नसतं. पाठवणं मात्र आपण करतो. त्याची जबाबदारीही आपलीच. हसवणारे व्हिडिओ जरूर पाठवावेत, पण निवडून पाठवावेत, असं माझं मत आहे. ते का आणि निवडायचं कसं, हे आज सांगते.

आपल्याकडे हसण्याचाही हिशोब आहे

पाठशाळेत कर्मप्रकृती पाठ करताना नऊ नोकषायांची यादी येते आणि तिच्यात पहिलंच नाव हास्याचं असतं. मुली हमखास विचारतात, ‘ताई, हसण्यात काय वाईट आहे?’ प्रश्न रास्त आहे. नोकषाय शब्दातल्या ‘नो’चा अर्थ ‘नाही’ असा नसून ‘किंचित’ असा आहे. नोकषाय एकटे फिरत नाहीत, ते कषायांच्या सोबतीने काम करतात. मला त्यातून एवढं उमजतं की हसू कुणाचा हात धरून आलंय ते बघावं. मानाचा हात धरून आलं तर ती कुचेष्टा होते. क्रोधाचा हात धरून आलं तर तो टोमणा होतो. घरातलं बाळ पहिल्यांदा वरणाच्या वाटीत हात घालतं आणि सगळे हसतात, तेव्हा त्या हसण्यात कुणाला खाली पाडलेलं नसतं.

दुसरी गोष्ट अनर्थदंडाची. प्रयोजन नसताना केलेलं पाप ते अनर्थदंड. त्यापासून दूर राहण्याच्या व्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात दिले आहेत. ते आजच्या मोबाईलसमोर ठेवून बघा, फार गंमत वाटेल. पहिला कंदर्प, म्हणजे हशा पिकवण्यासाठी चावट, अशिष्ट बोलणं. दुसरा कौत्कुच्य, म्हणजे त्याच चावटपणाला अंगविक्षेपांची जोड. तिसरा मौखर्य, म्हणजे अर्थ नसलेली बडबड. चौथा असमीक्ष्याधिकरण, म्हणजे पुढचा-मागचा विचार न करता काहीतरी करत सुटणं. न बघता पुढे पाठवलेला व्हिडिओ यात बसतो की नाही, तुम्हीच ठरवा. पाचवा म्हणजे गरजेपेक्षा जास्त भोगसाधनं जमवणं. ‘स्टोरेज फुल’ असं फोन दर चार दिवसांनी ओरडतो, तेव्हा मला हा पाचवा अतिचार आठवतो.

या यादीत हसण्याला बंदी केलेली नाही. अशिष्टपणा, निरर्थकपणा आणि अविचार यांना अटकाव केला आहे. संसारी श्रावक-श्राविकांनी हसतं-खेळतं घर ठेवू नये, असं माझ्या वाचनात कुठेही आलेलं नाही. विचार करून वागा, एवढंच मागणं आहे. आपण बाजारातून आणलेली पालेभाजी एकेक पान निवडून घेतो, पाणी गाळून पितो. मग घराघरांत जाणारा व्हिडिओ न निवडता, न गाळता कसा पाठवायचा?

एका बाणाची ताकद

‘मी एकटीने पाठवला तर काय होतंय?’ असं वाटणं साहजिक आहे. साधं गणित करू. तुम्ही एक व्हिडिओ पाच ग्रुपवर टाकला आणि प्रत्येक ग्रुपमध्ये शंभर जण आहेत असं धरू. म्हणजे एका मिनिटात पाचशे फोन झाले. त्यातल्या फक्त दहा जणांनी तसंच केलं तर पाच हजार. आमच्या चौकातून निघालेलं माणूस सातपैकी एकाच रस्त्याने जातं, व्हिडिओ मात्र सातही रस्त्यांनी एकदम निघतो आणि त्याला परत बोलावता येत नाही.

ही ताकद किती भयंकर असू शकते हे आपल्या सोलापूर जिल्ह्याने भोगलं आहे. २०१८ सालची १ जुलै. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत आले होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा तेव्हा मोबाईलवरून गावोगाव पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं. त्यातले बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. देशभर त्या काळात जे व्हिडिओ फिरत होते, त्यातला एक तर मुळात कराचीतला जनजागृतीचा व्हिडिओ होता. मोटारसायकलवरून मुलाला उचलून नेल्याचं नाटक करायचं, लगेच परत आणून सोडायचं आणि शेवटी ‘मुलांना जपा’ असा फलक दाखवायचा, असा तो होता. कुणीतरी शेवटचा भाग कापला आणि उरलेला खरा म्हणून फिरवला.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये अनेकदा फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम केला. संदेशावर दोन बाणांची खूण दिसते ती याचीच. पाठवणाऱ्या कुणालाही कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. सगळ्यांनी काळजीपोटीच पाठवलं असेल. म्हणून सांगते, हेतू चांगला असणं पुरेसं नाही. हसवणाऱ्या व्हिडिओने कुणाचा जीव जात नसेल, पण त्यालाही तोच बाण आणि तीच वाट आहे.

कुणाला हसतोय आपण?

आमच्या ओळखीतल्या एका काकूंची गोष्ट सांगते. वय साठीच्या पुढे, आवाज गोड. पूजेला त्या बसल्या की सगळ्यांना सूर लागायचा. एका कार्यक्रमात संगीत खुर्ची खेळताना खुर्ची सरकली आणि त्या खाली बसल्या. लागलं काही नाही, त्या स्वतःही हसल्या. कुणीतरी दहा-बारा सेकंदांचा तो तुकडा काढला, त्याला एक विचित्र आवाज जोडला आणि ग्रुपवर टाकला. हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. काकू घरी पोहोचायच्या आत तो त्यांच्या लेकीच्या सासरी पोहोचला होता. जावयाने सासूबाईंना फोन करून ‘लागलं का?’ असं विचारलं. त्याने काळजीने विचारलं, पण काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून त्या मंडळात येत नाहीत. ‘गुडघा दुखतो गं’ म्हणतात. गुडघा आधीही दुखत होता, तरी त्या येत होत्या.

खुर्चीवरून पडल्यावर काकू हसल्या होत्या, कारण तिथे सगळ्या ओळखीच्या होत्या, हात देऊन उठवणाऱ्या होत्या. व्हिडिओ मात्र त्यांना न विचारता अनोळखी माणसांपुढे गेला. जागच्या जागी झालेलं हसू आणि परक्या फोनवर पोहोचलेलं हसू यांत हा फरक आहे.

हा प्रकार नवा नाही. यूट्यूबही नव्हतं तेव्हा, २००२ साली, कॅनडातल्या एका शाळकरी मुलाने एक काठी फिरवत सिनेमातल्या योद्ध्याची नक्कल केली होती. ती त्याने स्वतःसाठी चित्रित केली होती. ती टेप वर्गातल्या मुलांच्या हाती लागली आणि त्यांनी ती इंटरनेटवर टाकली. जगभर लोक हसले. त्या मुलाला इतकं छळलं गेलं की त्याला शाळा सोडावी लागली आणि प्रकरण कोर्टात गेलं.

आता दुसरं उदाहरण बघा. २०१८ साली मध्य प्रदेशातल्या विदिशाचे प्राध्यापक संजीव श्रीवास्तव एका लग्नात मनमोकळे नाचले. तो व्हिडिओ देशभर फिरला आणि लोक त्यांना ‘डान्सिंग अंकल’ म्हणू लागले. त्यांच्या शरीरयष्टीला कुणी हसलं नाही. त्यांचा आनंद बघून लोकांना आनंद झाला. ते लपून बसले नाहीत, उलट पुढे टीव्हीवर नाचले. दोन्ही व्हिडिओ साध्या माणसांचे. एकात माणूस हसण्याचा विषय होता, दुसऱ्यात तो आपल्यासोबत हसत होता.

माझी कसोटी यावरूनच ठरली आहे. व्हिडिओतलं माणूस आपल्या ग्रुपमध्ये असतं, तर त्यालाही हसू आलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर बिनधास्त पाठवा. ‘नाही’ असेल तर आपल्यापाशीच थांबवा.

ही कसोटी लावली की बरेच विनोद गळून पडतात. जाड बाई, काळी बाई, बोबडं बोलणारा मुलगा, विसरभोळी आजी. बायकोच्या तावडीत सापडलेला नवरा आणि लाटणं घेतलेली बायको. पुरुषाने साडी नेसली, वेडीवाकडी कंबर हलवली की झाला विनोद! मला आश्चर्य याचं वाटतं की हे व्हिडिओ आपल्या पुरुषांपेक्षा आपणच जास्त पाठवतो. आपल्यालाच मूर्ख, खर्चिक, भांडखोर दाखवणारा विनोद आपणच दहा जणींना वाटतो आणि खाली हसरी तोंडं टाकतो. घरातली लेक हे बघत असते.

मुकी जनावरं आणि लहान मुलं

यांना तर ‘मला हसू नका’ असं म्हणताही येत नाही. म्हणून यांच्याबाबतीत जरा जास्त जपायला हवं.

स्लो लोरिस नावाचा एक छोटा, मोठ्ठ्या डोळ्यांचा प्राणी आहे. कुणीतरी त्याला गुदगुल्या करतंय आणि तो दोन्ही हात वर करून जणू ‘अजून करा’ म्हणतोय, असे व्हिडिओ जगभर लाखो लोकांनी कौतुकाने पाहिले आणि पाठवले. खरी गोष्ट अशी आहे की तो प्राणी घाबरला की हात वर करतो. त्याच्या कोपराजवळ एक ग्रंथी असते. तिच्यातला स्राव चाटून तो आपला चावा विषारी करतो. म्हणजे ज्याला आपण लाड समजलो ती त्याची बचावाची धडपड होती. शिवाय असे प्राणी पाळण्यासाठी विकतात तेव्हा ते चावू नयेत म्हणून त्यांचे दात तोडतात.

मांजर जेवत असताना तिच्या मागे गुपचूप काकडी ठेवायची आणि ती दचकून उडाली की हसायचं, असे व्हिडिओ २०१५ च्या सुमारास फार चालले. प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं की यात मांजर भेदरते आणि जेवणाच्या जागेचीही तिला भीती बसू शकते. आपण मुंगी चिरडू नये म्हणून बघून पाऊल टाकणारी माणसं. कृत, कारित आणि अनुमोदित हे तिन्ही आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. मांजराला आपण घाबरवलं नाही हे खरं, पण ते घाबरलेलं मांजर शंभर जणींना दाखवून हसलो तर ते अनुमोदनच नव्हे का? मांजर आपणहून पलंगाखाली शिरतं, कुत्र्याचं पिल्लू आपल्याच शेपटीमागे गोल फिरतं, माकड आरशात बघतं, असे कितीतरी व्हिडिओ आहेत की. ते पाठवा.

लहान मुलांचंही तसंच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तीन-चार वर्षांच्या एका मुलीचा व्हिडिओ फिरला. आई आकडे शिकवतेय, मुलगी रडतेय, हात जोडतेय. काही ग्रुपवर तो ‘किती गोड रडते बघा’ म्हणून आला, तर काही ठिकाणी संतापाने. विराट कोहलीने तो शेअर करून नाराजी व्यक्त केली, तेव्हा अनेकांना वाटलं, अरे, हे हसण्यासारखं नाहीच. पण गोड म्हणून पाठवणाऱ्यांनी आणि रागाने पाठवणाऱ्यांनी, दोघांनीही त्या पोरीचा रडका चेहरा देशभर नेला. ती मोठी झाल्यावरही तो कुठेतरी असणारच. आपली नातवंडं आंघोळ करताना, हट्टाने लोळताना, शाळेत जाताना रडताना गोड दिसतात. ते आजोबांना दाखवा, मावशीला दाखवा. दोनशे जणांच्या ग्रुपवर कशाला?

‘मग हसायचंच नाही का ताई?’

असं कुणीतरी विचारणार, मला माहीत आहे. ‘विनोद म्हटला की कुणाला तरी टोचणारच’ हा मुद्दाही खोटा नाही. माझं उत्तर असं की टोचायचंच तर आपल्याहून मोठ्याला टोचावं, नाहीतर स्वतःला.

मोठ्याला टोचण्याचं उदाहरण मुंबईचं आहे. २०१७ च्या जुलैमध्ये रेडिओवरच्या मलिष्का यांनी ‘सोनू’ या तेव्हा गाजत असलेल्या मराठी गाण्याच्या चालीवर मुंबईच्या खड्ड्यांवर व्हिडिओ केला. मुंबई काय आणि सोलापूर काय, खड्डे सगळ्यांच्या ओळखीचे! लोक खळखळून हसले. काही नगरसेवकांनी पाचशे कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावा अशी मागणी केली. महापालिकेच्या लोकांना त्यांच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्या आणि नोटीस निघाली, हे ऐकून लोक आणखी हसले. त्या विनोदात एकाही गरीब, दुबळ्या माणसाची टिंगल नव्हती. ज्यांच्या हातात रस्ते होते त्यांनाच चिमटा होता. असा व्हिडिओ पाठवण्यासारखाच.

स्वतःला हसण्याचं उदाहरण म्हणजे ‘भाडिपा’. सारंग साठ्ये आणि मंडळींनी २०१६ साली सुरू केलेलं हे यूट्यूब चॅनेल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि मराठी व्हिडिओ घराघरांत पोहोचले, तोच हा काळ. त्यांच्या आई-मुलाच्या भागांत रेणुका दफ्तरदार यांनी जी आई उभी केली आहे, ती बघताना मी आधी शेजारणीला ओळखलं, मग जावेला आणि शेवटी स्वतःला. डबा परत मागणारी, मुलगा जेवला का हे दहादा विचारणारी आणि मोबाईलचं काहीतरी बिघडलं की मुलालाच दोष देणारी आई. तिला कुणी मूर्ख ठरवत नाही. तिच्यावर हसतानाही तिचं प्रेम दिसत राहतं. या चॅनेलवरचे सगळेच भाग घरच्यांसोबत बघण्यासारखे नाहीत, भाषा काही ठिकाणी मोकळी आहे. आधी पूर्ण बघून मगच पाठवा.

तिसरं, आपल्या भाषेतला विनोद. पुण्या-मुंबईच्या कार्यक्रमांत सोलापूरकडचं माणूस आलं की ते गांवढळच असतं. त्याच्या बोलण्यालाच हसायचं असतं. ते मला खटकतं. पण आपलीच पोरं ‘काय बे’ म्हणत, मधेच एखादा कानडी किंवा तेलुगू शब्द टाकत आपल्या गल्लीतली गोष्ट सांगतात, तेव्हा तोच बोलण्याचा ढंग मानाने उभा राहतो. बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वर गावच्या मंडळींनी ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ ही मालिका अशीच केली आहे. गावातली माणसं, गावातलं भांडण, गावातलंच शहाणपण. हसता हसता एखादी गोष्ट मनाला लागून जाते.

मी कुणाला काय पाठवते

आता थोडं कामाचं. सगळ्यांना सगळं पाठवण्यापेक्षा माणूस बघून पाठवलं तर त्याची गोडी वाढते.

ज्यांना ऐकू कमी येतं अशा घरातल्या वडीलधाऱ्यांना चार्ली चॅप्लिन दाखवा. १९२५ च्या ‘द गोल्ड रश’मध्ये तो भुकेने बूट उकडून खातो. चामडं खातो म्हणून नाक मुरडू नका. चित्रीकरणासाठी तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केला होता! त्याच चित्रपटात काट्याला पाव टोचून त्याने जेवणाच्या टेबलावर नाच करून दाखवला आहे. त्यात एक शब्द नाही, कुणाला दुखावणं नाही. मिस्टर बीनही तसाच. तो फारसा बोलतच नाही आणि फजिती बहुतेक वेळा त्याची स्वतःचीच होते.

साठी-सत्तरीच्या मैत्रिणींना लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ पाठवा. एकट्या माणसाने बावन्न पात्रं उभी केली आहेत. लग्नाची गडबड, रुसवे-फुगवे, सामानाची बांधाबांध, यातलं आपण काय भोगलं नाही? दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ व्हायचे, ते चि. वि. जोशींचे चिमणराव ज्यांनी तरुणपणी पाहिले आहेत, त्यांना तो नुसता विषयही पुरतो. मग त्या स्वतःच अर्धा तास सांगत बसतात.

नव्या संसारातल्या सुनांना ‘आपली आजी’ पाठवते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी नातवाच्या मदतीने स्वयंपाकाचे व्हिडिओ करतात. ते विनोदी नाहीत, पण त्यांचं बोलणं ऐकताना चेहऱ्यावर हसू येतंच. कांदा-लसूण आपण आपल्या हाताने वगळायचा, आजीचा हात आणि माया तेवढी घ्यायची.

पाठवण्याआधी आणि नंतर

चार साध्या सवयी सांगते. एक, व्हिडिओ शेवटपर्यंत बघितल्याशिवाय पाठवायचा नाही. चांगल्या सुरुवातीनंतर शेवटी काहीतरी घाणेरडं जोडलेलं असतं, आणि कापलेला व्हिडिओ काय करतो ते आपण वर पाहिलं. दोन, ओळखीचं माणूस त्यात असेल तर आधी त्याला विचारायचं. तीन, सामायिकाच्या, स्वाध्यायाच्या वेळेला आणि कुणाच्या घरी दुःख असताना ग्रुप शांत ठेवायचा. क्षमावाणीच्या दिवशी तर विशेष. ‘उत्तम क्षमा’ लिहिलेला संदेश आणि त्याच्या पाठोपाठ कुणाच्या तरी फजितीचा व्हिडिओ, हे दोन्ही एकाच हाताने पाठवलेलं शोभत नाही. चार, एखादीने नको ते टाकलं तर तिला सगळ्यांसमोर बोलायचं नाही. बाजूला फोन करून सांगायचं, ‘ताई, तेवढा काढून टाकाल का? त्यातल्या बाईला वाईट वाटेल.’ बहुतेक जणी लगेच काढतात. आणि ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करायची सोय थोड्या वेळापुरतीच असते, म्हणून उशीर करायचा नाही.

हे सगळं करून ग्रुप रुक्ष होईल अशी भीती बाळगू नका. दिवसाला वीसऐवजी दोन व्हिडिओ येतील, पण लोक ते उघडून बघतील. आज काय होतं, तर वीसच्या वीस न बघता पुसले जातात.

घरात दिवसभर राबणाऱ्या, आजारपणं काढणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या कितीतरी जणी आपल्या ग्रुपमध्ये आहेत. दुपारी तुमच्याकडून आलेल्या दोन मिनिटांच्या व्हिडिओने त्यांना मोकळं हसू आलं, तर ते कमी पुण्याचं काम आहे असं मी मानत नाही. फक्त ते हसू दुसऱ्या कुणाच्या डोळ्यातल्या पाण्यावर उभं नसावं. तुमच्या मंडळातही कुणी काकू असल्या एखाद्या व्हिडिओपायी यायच्या थांबल्या असतील, तर या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन या. मोबाईल पर्समध्येच ठेवा आणि त्यांना पूजेला सोबत घेऊन या.

जय जिनेंद्र!